नाव, नोंद आणि नगर : स्कॉटलंडमधील पूर्वजशोध व स्थानिक इतिहासलेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

आपल्या पूर्वजांचा शोध घेणे ही मानवी कुतूहलाची फार जुनी प्रवृत्ती होय. राजघराण्यांनी ती सत्तेच्या समर्थनासाठी जोपासली, तर जमीनदार घराण्यांनी वारसाहक्काच्या रक्षणासाठी. सामान्य माणसाच्या पूर्वजशोधाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या घरात दफ्तर नसते. त्याला धर्मसंस्थेने व राज्यसंस्थेने स्वतःच्या गरजेपोटी केलेल्या नोंदींवर विसंबावे लागते. त्यामुळे त्याला पूर्वज दिसतो तो त्या संस्थेला जेवढा आणि जसा पाहावासा वाटला तेवढा आणि तसाच.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी स्कॉटलंड हा देश विशेष उपयुक्त आहे. तेथील नोंदींची परंपरा दीर्घ आहे, त्या नोंदी सर्वसामान्यांसाठी मोठ्या प्रमाणावर खुल्या आहेत आणि अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तेथून जगभर गेलेल्या स्थलांतरितांचे वंशज आज त्या नोंदींचे प्रमुख वाचक आहेत. स्कॉटिश शासनाने २००९ हे वर्ष ‘घरवापसी’चे वर्ष म्हणून साजरे केले, ते याच वंशजांना डोळ्यांसमोर ठेवून. पूर्वजशोध हा अशा रीतीने छंद, पर्यटन आणि राष्ट्रीय अस्मिता यांच्या संगमावर उभा आहे. म्हणूनच त्याची समीक्षा आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात प्रथम या नोंदींचे स्वरूप पाहिले आहे. त्यानंतर क्रोमार्टी या उत्तर स्कॉटलंडमधील एका लहान बंदरनगराशी संबंधित तीन लेखकांच्या लेखनाचा विचार केला आहे. हे लेखक म्हणजे सर टॉमस अर्कर्ट, ह्यू मिलर आणि डेव्हिड ऑल्स्टन. तिघांच्या काळात सुमारे साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे, परंतु ‘आपण कोणाचे?’ हा प्रश्न तिघांच्याही लेखनात आहे. कुलशोध हा स्थानिक इतिहासापासून तोडला की तो केवळ नावांची माळ बनतो, आणि त्या नगराशी बांधल्या गेलेल्या, पण नगराच्या वह्यांत नसलेल्या माणसांना तो दुसऱ्यांदा वगळतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. नोंदी कोणी केल्या आणि का केल्या?

स्कॉटलंडमधील पूर्वजशोधाचा पहिला आधार म्हणजे जुन्या पॅरिश नोंदवह्या. पॅरिश हे चर्चच्या कारभाराचे सर्वात लहान क्षेत्र. पर्थशायरमधील एरल या पॅरिशची नोंदवही सर्वात जुनी असून ती १५५३ पासून सुरू होते. देशातील सुमारे नऊशे पॅरिशांपैकी अनेकांच्या वह्या मात्र पुष्कळ उशिरा सुरू झालेल्या आहेत आणि त्यांत मध्येच वर्षानुवर्षांची खिंडारे आढळतात. या वह्यांत बाप्तिस्मा आणि विवाहपूर्व घोषणा यांच्या नोंदी प्रामुख्याने होत. मृत्यूची नोंद करण्याकडे चर्चचा फारसा कल नव्हता. अनेक ठिकाणी मृत्यूचा माग लागतो तो हिशेबाच्या वहीत, कारण शवपेटीवर घालण्याचे काळे वस्त्र चर्चकडून भाड्याने मिळे आणि त्या भाड्याची नोंद ठेवली जाई. माणूस गेल्याची खबर आपल्याला जमाखर्चातून मिळावी, ही बाब नोंदींच्या एकूण स्वभावावर प्रकाश टाकते.

१८५५ पूर्वी अशी नोंद करणे व्यवहारात सर्वांवर बंधनकारक नव्हते. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. दरिद्री म्हणून जाहीर झालेल्यांना त्यातून सूट होती, परंतु त्याच्या किंचित वरच्या थरातील कुटुंबांना तो जाचक वाटे. मुख्य चर्चपासून फुटलेल्या पंथांची, तसेच कॅथलिक आणि एपिस्कोपल पंथीयांची मुले या वह्यांत बहुधा आढळत नाहीत. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले, तेव्हा हा प्रश्न अधिकच बिकट झाला. या फुटीचे पडसाद मुंबईपर्यंत पोचले. लॉडर या स्कॉटिश गावी जन्मलेले आणि मुंबईतील विल्सन महाविद्यालयाचे संस्थापक म्हणून आपल्याला परिचित असलेले जॉन विल्सन यांनी फ्री चर्चचीच बाजू घेतली. मुंबईतील मिशनरी शिक्षणाचा इतिहास आणि एखाद्या स्कॉटिश खेड्यातील बाप्तिस्म्याची हरवलेली नोंद या दोन गोष्टी एकाच घटनेशी निगडित आहेत.

दुसरा आधार म्हणजे १ जानेवारी १८५५ पासून सुरू झालेली सक्तीची नागरी नोंदणी. पहिल्या वर्षाचे तक्ते विलक्षण तपशीलवार होते. जन्माच्या नोंदीत आईवडिलांची वये, जन्मस्थळे, विवाहाचे ठिकाण व दिनांक आणि आधीच्या अपत्यांची संख्या एवढी माहिती मागितली जाई. मृत्यूच्या नोंदीत अपत्यांची नावेही असत. हा भार अव्यवहार्य ठरल्याने १८५६ पासून तपशील कमी करण्यात आले आणि त्यांपैकी काही १८६१ मध्ये पुन्हा घेण्यात आले. ज्याच्या पूर्वजाचा मृत्यू १८५५ मध्ये झाला तो वंशज भाग्यवान, असे संशोधक म्हणतात त्याचे कारण हेच.

स्कॉटिश नोंदींचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव तेथे पुसले जात नाही. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईचे माहेरचे आडनाव विचारले जाते. थडग्यावरील शिलालेखांतही पत्नी पुष्कळदा स्वतःच्या आडनावानेच आढळते. यामुळे मातृकुलाचा शोध घेणे इंग्लंडपेक्षा येथे सुकर होते. तथापि, नाव टिकले म्हणजे आवाज टिकला असे होत नाही. स्त्रीचा आवाज ऐकू येतो तो वेगळ्याच दफ्तरात, आणि तोही दुःखद प्रसंगी.

२. नोंदीत कोण ठळक, कोण पुसट?

हे दफ्तर म्हणजे कर्क सेशनची इतिवृत्ते. कर्क सेशन हे पाद्री आणि पॅरिशमधील ज्येष्ठ यांचे मंडळ. गावाच्या नीतिमत्तेवर देखरेख ठेवणे आणि गरिबांना मदत वाटणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे होती. अविवाहित स्त्रीला मूल झाले तर तिला मंडळापुढे बोलावून पित्याचे नाव विचारले जाई. तो नाकबूल झाला तर साक्षीपुरावे होत. यामागे धर्मशिस्तीची भावना होती आणि मुलाच्या पोषणाचा बोजा पॅरिशवर पडू नये हा व्यवहारही होता. परिणाम असा की ज्या स्त्रीची त्या काळी सर्वांदेखत मानहानी झाली, तिचेच बोलणे आज आपल्याला थोडेफार उपलब्ध आहे. आयुष्यभर निमूटपणे कष्ट करून गेलेल्या तिच्या बहिणीविषयी दोन तारखांपलीकडे काहीही मिळत नाही.

हेच तत्त्व अन्यत्रही दिसते. १८४५ च्या गरीबविषयक कायद्यानंतर मदतीसाठी अर्ज करणाऱ्या माणसाची जन्मस्थळासह सविस्तर चौकशी होई, कारण त्याचा खर्च कोणत्या पॅरिशने सोसायचा हे ठरवायचे असे. दारिद्र्य हे अशा रीतीने चरित्राचे साधन बनले. दुसऱ्या टोकाला जमीनधारक आहेत. १६१७ पासून चालू असलेल्या सेझिन नोंदवहीत जमिनीच्या हस्तांतराची नोंद होत असल्याने त्यांचा माग पिढ्यानपिढ्या लागतो. पापी, दरिद्री आणि मालक यांना नोंद चांगली ओळखते. या तिघांच्या मध्ये जो मोठा समाज आहे तो पुसट राहतो. पूर्वजशोधाच्या लोकप्रिय मार्गदर्शक पुस्तकांत ही साधने केवळ ‘माहितीचे स्रोत’ म्हणून क्रमवार दिलेली असतात, त्यांच्या निर्मितीमागील हेतूंचा विचार क्वचितच असतो. वाचक त्यामुळे कागदाला आरसा समजून चालतो.

भाषेचा प्रश्न तर याहून सूक्ष्म आहे. गेलिक बोलणाऱ्या माणसाचे नाव इंग्रजीतून लिहिले जाताना बदलत असे. घरात जो ‘तोरमॉद’ तो वहीत ‘नॉर्मन’ होई, ‘गिल्लेस्पिग’चा ‘आर्चिबाल्ड’ होई. या जोड्यांत उच्चाराचे साम्यही नाही. आज वंशज ज्या नावाचा अभिमानाने उच्चार करतो, ते नाव त्या पूर्वजाला त्याच्या आईने हाक मारण्यासाठी कधी वापरलेही नसेल.

३. आदमपासूनची वंशावळ : सर टॉमस अर्कर्ट

आता क्रोमार्टीकडे वळू. ब्लॅक आइल या द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकाशी, खाडीच्या मुखावर वसलेले हे छोटे नगर. येथील जहागीरदार सर टॉमस अर्कर्ट (१६११–१६६०) हे राब्ले या फ्रेंच लेखकाचे इंग्रजी अनुवादक म्हणून साहित्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत ते राजपक्षाच्या बाजूने लढले आणि कैद झाले. १६५२ मध्ये त्यांनी ‘पँटोक्रोनोकॅनन’ नावाची एक वंशावळ प्रकाशित केली. तीत अर्कर्ट घराण्याचा वंश थेट आदमापर्यंत नेऊन भिडवलेला आहे.

या ग्रंथाकडे बहुतेक वेळा विक्षिप्तपणा म्हणून पाहिले जाते. ग्रंथातील अतिशयोक्ती पाहता तो विनोद असावा अशीही शंका घेतली जाते. परंतु त्याचा काळ आणि प्रसंग ध्यानात घेतला तर त्यामागील निकड जाणवते. वडिलांकडून वारशाने आलेले प्रचंड कर्ज, सावकारांचा तगादा, युद्धातील पराभव आणि कैद या परिस्थितीत एका जहागीरदाराजवळ उरलेली एकमेव मालमत्ता म्हणजे त्याचे कूळ. इतक्या प्राचीन घराण्याचा नाश आपल्या हातून होऊ नये असे नव्या सत्ताधाऱ्यांना वाटावे, हा या लेखनामागचा हेतू होता. वंशावळ ही येथे अर्जासारखी वापरली आहे.

अर्कर्टच्या वंशावळीत सर्व काही आहे, फक्त क्रोमार्टी नाही. त्या नगरातील कोळी, विणकर, कुळे, त्यांची शेते, त्यांचे कर यांचा तेथे मागमूस नाही. आदमपासून आपल्यापर्यंतची सरळ रेषा काढण्यासाठी आजूबाजूचे सर्व काही पुसून टाकावे लागते. आजच्या पूर्वजशोधातील उंच ‘वंशवृक्ष’ प्रामाणिक कागदांवर आधारलेला असतो हे मान्य करूनही त्याची रचना पुष्कळदा याच प्रकारची असते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आडनावावरून कूळचिन्ह किंवा चौकड्यांचे विशिष्ट वस्त्र स्वीकारणारा हौशी वंशज हा अर्कर्टचाच मानसपुत्र होय. वस्तुतः स्कॉटिश कायद्यानुसार कूळचिन्ह हे व्यक्तीचे असते, आडनावाचे नसते. आणि डोंगराळ प्रदेशातील ‘प्राचीन’ वेषपरंपरेचा बराचसा भाग अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडवला गेला, हे ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आग्रहाने मांडले. त्यांच्या मांडणीवर आक्षेप घेतले गेले असले, तरी वस्त्र आणि वंश यांची सांगड निरागस नाही हा त्यांचा मुद्दा टिकून आहे.

४. गवंड्याने सांगितलेला गाव : ह्यू मिलर

अर्कर्टनंतर सुमारे दोन शतकांनी त्याच नगरात ह्यू मिलर (१८०२–१८५६) यांनी वेगळ्या प्रकारचा इतिहास लिहिला. मिलर हे पेशाने गवंडी. दगड घडवता घडवता ते जीवाश्मांचे अभ्यासक बनले, पुढे बँकेत हिशेबनीस झाले आणि १८४० पासून एडिंबरा येथील ‘द विटनेस’ या वृत्तपत्राचे संपादक म्हणून चर्चच्या वादात अग्रभागी राहिले. १८३५ मध्ये त्यांचे ‘सीन्स अँड लेजंड्स ऑफ द नॉर्थ ऑफ स्कॉटलंड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘क्रोमार्टीचा परंपरागत इतिहास’ असे त्याचे उपशीर्षक आहे. वृद्ध माणसांच्या तोंडून ऐकलेल्या दंतकथा, भुताखेतांच्या गोष्टी, वादळे, दुष्काळ आणि गावातील व्यक्तींच्या हकिगती यांची त्यात गुंफण आहे.

मिलर यांचे महत्त्व त्यांनी निवडलेल्या साधनात आहे. त्याच दशकात स्कॉटलंडमध्ये ‘न्यू स्टॅटिस्टिकल अकाउंट’चे काम चालू होते. सर जॉन सिंक्लेअर यांनी १७९१ ते १७९९ या काळात एकवीस खंडांत प्रसिद्ध केलेल्या पहिल्या अहवालाची ती पुढील आवृत्ती होती. दोन्ही वेळी प्रत्येक पॅरिशचा वृत्तांत प्रायः तेथील पाद्रीने लिहिला. लोकसंख्या, पिके, मजुरीचे दर आणि शाळा यांची माहिती देणारे हे अहवाल आजही अमोल आहेत. परंतु त्यांतील गाव प्रवचनपीठावरून पाहिलेले आहे. मिलर यांनी तेच गाव दगडाच्या खाणीतून आणि स्वयंपाकघरातील चुलीपासून पाहिले. माहितगार कोण, हा प्रश्न त्यांनी शिष्टसंमत उत्तराबाहेर नेला.

कुटुंबाच्या इतिहासाविषयी मिलर यांचे लेखन एक मौलिक गोष्ट शिकवते. त्यांचे वडील जहाजाचे कप्तान होते. १८०७ मध्ये ते जहाजासह समुद्रात नाहीसे झाले. समुद्रात गेलेल्या माणसाचे दफन होत नाही, त्यामुळे दफनाची नोंद असण्याचा प्रश्नच येत नाही. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मिलर यांनी लिहिले आहे की, वडिलांचे जहाज बुडण्याच्या सुमारास संध्याकाळी घराच्या उघड्या दाराशी आपल्याकडे रोखलेला एक तुटलेला हात त्यांना दिसला. त्या वेळी ते पाच वर्षांचे होते. इतिहासकार या आठवणीला पुरावा मानणार नाही. परंतु मृत्यूची बातमी ज्या घरात कधी निश्चितपणे पोचतच नाही, त्या घरात मृत्यू कसा उमगतो आणि पुढे कसा सांगितला जातो, याचा हा अस्सल पुरावा आहे. कोळी आणि खलाशी कुटुंबांच्या इतिहासाचा हा गाभा कोणत्याही वहीत सापडणार नाही.

मिलर यांच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक कथेच्या शेवटी नैतिक तात्पर्य काढण्याचा त्यांना मोह होतो. गावातील सत्तासंबंधांकडे ते पुष्कळदा सौम्य नजरेने पाहतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज रॉस या धनिकाने क्रोमार्टीची जहागीर विकत घेतली आणि तेथे न्यायालयाची इमारत, बंदर, तागासारख्या धाग्याचा कारखाना आणि गेलिक भाषक कामगारांसाठी स्वतंत्र प्रार्थनागृह उभारले. मिलर त्याच्याविषयी कृतज्ञतेने लिहितात. ती कृतज्ञता अनाठायी नाही. पण हा पैसा कोठून आला आणि गेलिक भाषक माणसे आपली शेते सोडून या कारखान्यात का आली, हे प्रश्न त्यांच्या कथनात पुढे येत नाहीत.

आणखी एक बाब विचार करायला लावते. मिलर यांचे पणजोबा जॉन फेडिस हे तरुणपणी समुद्री लुटारू होते आणि त्या पैशातून त्यांनी घर बांधले, अशी कुटुंबात परंपरा होती. मिलर यांचा जन्म त्याच गवताने शाकारलेल्या घरात झाला आणि आज ते स्मारक म्हणून जतन केलेले आहे. लुटारू पूर्वजाची गोष्ट कुटुंबे आवडीने सांगतात. काळाच्या अंतराने तिला साहसकथेचा रंग चढतो. त्याच समुद्रापलीकडील ऊस आणि कापसाच्या मळ्यांतून आलेल्या पैशाची गोष्ट मात्र स्कॉटिश कुटुंबकथांत दीर्घकाळ सांगितली गेली नाही.

५. मळ्यांपर्यंत पोचणारा नगरेतिहास : डेव्हिड ऑल्स्टन

हा धागा पुढे नेला तो क्रोमार्टीचे इतिहासकार डेव्हिड ऑल्स्टन यांनी. २००६ मध्ये त्यांचे ‘माय लिटल टाउन ऑफ क्रोमार्टी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका लहान नगराचा मध्ययुगापासूनचा इतिहास त्यात कागदपत्रांच्या काटेकोर आधाराने मांडला आहे. मिलर यांच्या कथनाला येथे पूरकता मिळते आणि प्रसंगी दुरुस्तीही. व्यापार, जमीनमालकी, कोळीवाडा आणि कारागीर यांचा परस्परसंबंध कळला की एकेका कुटुंबाची हकिगत आपोआप अर्थपूर्ण होते.

२०२१ मधील ‘स्लेव्ह्ज अँड हायलँडर्स’ हा त्यांचा ग्रंथ याच्या पुढचे पाऊल आहे. उत्तर स्कॉटलंडमधील लहान नगरांतून कॅरिबियन प्रदेशात, विशेषतः आजच्या गयानामध्ये गेलेल्या माणसांचा तो अभ्यास आहे. स्कॉटलंडमध्ये स्थावर मालमत्ता मृत्युपत्राशिवाय प्रायः थोरल्या मुलाकडे जाई, ही पद्धत १९६४ च्या कायद्यापर्यंत चालू होती. धाकट्या मुलांना बाहेर नशीब काढावे लागे. कोणी हिंदुस्थानात फौजेत गेले, कोणी कॅरिबियनमधील मळ्यांवर. गुलामगिरी संपवताना ब्रिटिश संसदेने १८३३ च्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती गुलामांना मिळाली नाही, मालकांना मिळाली. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१३ मध्ये या भरपाईच्या दाव्यांची सूची सर्वांसाठी खुली केली, तेव्हा अनेक स्कॉटिश कुटुंबांना आपले पूर्वज अनपेक्षित ठिकाणी भेटले.

ऑल्स्टन यांच्या ग्रंथाचे खरे योगदान दावेदारांची यादी देण्यात नाही. गुलामगिरीत ठेवलेली माणसे ही नगराच्या इतिहासाचा भाग आहेत, अशी भूमिका ते घेतात. मळेवाल्यांची कृष्णवर्णीय स्त्रियांपासून झालेली मुले उत्तर स्कॉटलंडमधील शाळांत शिकण्यासाठी पाठवली गेली होती. म्हणजे ही माणसे ‘तिकडची’ नव्हती, ती याच रस्त्यांवरून चालत होती. उपशीर्षकात त्यांनी या इतिहासांना ‘मूक केलेले’ म्हटले आहे. विस्मरण आपोआप घडते, मूक करणे कोणीतरी करावे लागते. हा भेद लेखकाने जाणीवपूर्वक केला आहे.

येथे पूर्वजशोधातील विषमता उघडी पडते. क्रोमार्टीहून कॅनडाला गेलेल्या शेतकऱ्याचा वंशज आज परत आला तर त्याला पणजोबाच्या पणजोबाचा बाप्तिस्मा, साक्षीदार, शेताचे नाव, कदाचित थडगेही सापडते. त्याच काळात बर्बिस येथील मळ्यावर क्रोमार्टीच्या माणसाच्या मालकीत असलेल्या स्त्रीचा वंशज शोधाला निघाला, तर त्याला मालकाने शासनाला सादर केलेल्या गुलामांच्या यादीत एक पहिले नाव, अंदाजे वय आणि कामाचा प्रकार एवढेच मिळण्याची शक्यता असते. १८१० च्या दशकात सुरू झालेल्या त्या याद्या तस्करीला आळा घालण्यासाठी होत्या, वंशजांसाठी नव्हत्या. आडनाव मिळाले तर तेही पुष्कळदा मालकाचेच. दोन्ही वंशजांचा रस्ता एकाच नगरात येतो. एकाला नगर ‘घरी या’ म्हणते. दुसऱ्याला काय म्हणावे याचे उत्तर स्थानिक इतिहासाने द्यावयाचे आहे, आणि ऑल्स्टन यांचे लेखन ही त्या उत्तराची प्रामाणिक सुरुवात आहे. असे असले तरी एक अडचण उरते. उपलब्ध कागद मालकवर्गाचे असल्याने, गुलामांचे जीवन पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न करणाऱ्या ग्रंथातही मालकांची चरित्रे अधिक भरीव होतात. हा दोष लेखकाचा कमी आणि साधनांचा अधिक आहे, पण वाचकाने तो ओळखला पाहिजे.

६. नावाने शोधणे आणि पान वाचणे

पूर्वजशोधाच्या पद्धतीत गेल्या पाव शतकात मूलगामी बदल झाला. २००२ मध्ये ‘स्कॉटलंड्स पीपल’ ही अधिकृत सेवा सुरू झाली. जुन्या वह्या, नागरी नोंदी आणि १८४१ पासूनच्या खानेसुमारीची पत्रके घरबसल्या पाहता येऊ लागली. शंभर वर्षांच्या गोपनीयतेनंतर १९२१ ची खानेसुमारी २०२२ मध्ये खुली झाली. कर्क सेशनच्या इतिवृत्तांची पानेही २०२१ पासून उपलब्ध आहेत. ज्ञानाचे हे लोकशाहीकरण स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नसावे.

तथापि, शोधयंत्र नावाने चालते. नाव टाकले की नेमकी ती ओळ समोर येते. पूर्वी वही पानापानाने चाळणाऱ्याला आपला पूर्वज सापडण्याआधी त्याचे शंभर शेजारी भेटत. एका महिन्यात सहा मुलांचे मृत्यू दिसले की साथ आली होती हे कळे. स्कॉटलंडमध्ये थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याचा प्रघात होता. त्यामुळे एकाच आजोबांच्या अनेक नातवांचे नाव आणि आडनाव एकच असे. ईशान्य किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत तर आडनावेच इतकी थोडी की ओळख पटण्यासाठी टोपणनाव जोडावे लागे. अशा ठिकाणी कोणता माणूस आपला हे ठरवायचे तर साक्षीदार, व्यवसाय, शेताचे नाव, शेजार हे सारे वाचावे लागते. म्हणजेच स्थानिक इतिहास हा कुलशोधाचा अलंकार नसून त्याच्या सत्यतेची अट आहे. केवळ नावाच्या जुळणीवर उभा राहिलेला वंशवृक्ष कितीही डेरेदार दिसला तरी त्याचे मूळ दुसऱ्याच्या अंगणात असू शकते.

आडनावाच्या फसवेपणाचे एक उदाहरण मराठी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक म्हणून आपण ज्याला ‘ग्रँट डफ’ म्हणतो, त्याचा जन्म १७८९ मध्ये क्रोमार्टीच्या पूर्वेस त्याच किनाऱ्यावरील बॅन्फ या नगरात झाला. त्याचे वडील ग्रँट. ‘डफ’ हे नाव त्याच्या आईच्या घराण्याचे. साताऱ्याहून परतल्यावर आईकडील ईडन ही इस्टेट त्याला वारशाने मिळाली आणि त्याबरोबर हे आडनाव त्याने जोडून घेतले. १८२६ मध्ये त्याचा तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध झाला तो याच सुमारास. केवळ आडनावावरून पुरुषवंश शोधू पाहणारा वंशज येथे हमखास चुकेल, कारण हे नाव रक्ताबरोबर आले तसेच जमिनीबरोबरही आले आहे. कीर्तने यांच्यापासून राजवाडे यांच्यापर्यंत आपल्या अभ्यासकांनी ग्रँट डफच्या इतिहासाची झडती घेतली. साधन कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अधिकाराने निर्माण केले, हा जो प्रश्न त्यांनी विचारला तोच प्रश्न ग्रँट डफच्या स्वतःच्या जन्मनगरातील वह्यांनाही विचारावा लागतो.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, स्कॉटिश नोंदी विपुल आणि विश्वसनीय असल्या तरी त्या शिस्त, कर, मालमत्ता आणि दारिद्र्यनिवारण यांच्या व्यवस्थेतून निर्माण झाल्या आहेत, आणि त्या व्यवस्थेची नजर त्यांच्यात उतरली आहे. दुसरी, क्रोमार्टीच्या तीन लेखकांत कुलशोधाच्या तीन अवस्था दिसतात. अर्कर्ट यांनी नगर वगळून वंश लिहिला, मिलर यांनी वंशाला नगराच्या स्मृतीत आणून बसवले आणि ऑल्स्टन यांनी नगराची सीमाच समुद्रापलीकडे नेली. तिसरी, तंत्रज्ञानाने नावाचा शोध सोपा केल्यामुळे पान वाचण्याची जबाबदारी कमी झाली नसून वाढली आहे.

इतिहास, साहित्य आणि समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना येथे एकत्र काम करण्यास वाव आहे. दफनाची नोंद, दंतकथा आणि मळ्याची यादी ही तीन वेगळ्या शास्त्रांची साधने मानली जातात. एका नगराच्या आणि एका कुटुंबाच्या संदर्भात ती शेजारी ठेवली तरच त्यांतील मौन ऐकू येते. ह्यू मिलर यांनी गवंडी म्हणून इतरांसाठी अनेक थडग्यांवर नावे कोरली. त्यांनी कोरलेला शेवटचा दगड स्वतःच्या तान्ह्या मुलीचा, एलायझाचा होता. क्रोमार्टीच्या जुन्या दफनभूमीत तो आजही आहे. ज्यांच्यासाठी कोणी दगड कोरला नाही त्यांची संख्या नेहमीच मोठी असते, आणि पूर्वजशोधाला इतिहासाची प्रतिष्ठा मिळायची असेल तर त्यांची गणतीही त्याला आपल्याच कामात धरावी लागेल.